मिरजेला गाडी बदला

प्रवास सर्वांना आवडतो. गाडी बदलणे मात्र कोणालाच आवडत नाही. हे मी ऐकीव सांगत नाही. माझी अडतीस वर्षांची नोकरी रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये झाली आणि त्यातला पुष्कळसा काळ मिरज जंक्शनवर गेला. ज्यांनी जुने मिरज पाहिले असेल त्यांना सांगायला नको. पुण्याकडून येणारा रूळ साडेपाच फुटांचा, लोंढ्याकडे जाणारा एक मीटरचा आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडे जाणारा अडीच फुटांचा. तीन मापांचे रूळ आणि एकच स्टेशन! पुण्याहून गोव्याला निघालेला माणूस मध्यरात्री असो की भल्या पहाटे, मिरजेला उतरणारच. मग ट्रंका, वळकट्या, फिरकीचे तांबे, झोपेतून उठवलेली पोरे आणि त्या सर्वांवर ओरडणारा कुटुंबप्रमुख असा सारा लवाजमा एका फलाटावरून दुसऱ्या फलाटावर पळायचा. तेवढ्याच वेळात आम्हालाही टपालाच्या थैल्या इकडच्या तिकडे करायच्या असत. कोणाचा तांब्या राही, कोणाची चप्पल राही, आणि एकदा तर एका गृहस्थांच्या सासूबाईच राहिल्या होत्या!

पुढे नव्वदीच्या दशकात लोंढ्याकडचा रूळ रुंद झाला आणि गोव्याला जाणाऱ्याला मिरजेस उतरण्याचे कारण उरले नाही. मला वाटले, संपली एकदाची ही गाडी बदलण्याची कटकट. परंतु आयुष्याच्या बासष्टाव्या वर्षी, आणि तेही गोव्यालाच, मला एकाच दिवशी दोनदा गाडी बदलावी लागेल, असे जर कोणी भविष्य सांगितले असते तर मी त्याला दक्षिणा न देता घालवून दिले असते.

त्याचे असे झाले. ३० जून २०२२ रोजी मी सेवानिवृत्त झालो. नारळ झाला, शाल झाली, भाषणे झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मी चहा मागितला आणि सहा वाजून बारा मिनिटांनी दोन मिनिटे उशीर झाल्याचे आमच्या कुटुंबाच्या नजरेस आणून दिले. पुढच्या आठवड्यात स्वयंपाकघरातल्या डब्यांना चिठ्ठ्या लागल्या. त्याच्या पुढच्या आठवड्यात दुधाच्या हिशेबाला वही झाली. मला वाटे, घराला वळण लागते आहे. हिला काय वाटे, ते मी विचारले नाही.

मग डिसेंबरात मी कपाट आवरायला घेतले. कपाटाच्या तळाशी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता. डबा चांगला होता. आत नुसते कागद होते. कागद मी रद्दीत घातले आणि डब्यात खिळे ठेवले. ते कागद म्हणजे हिच्या आईची पत्रे होती. लग्न झाल्यापासून म्हातारी जाईपर्यंत कराडहून आलेली, दोऱ्याने बांधून ठेवलेली आंतर्देशीय पत्रे! अडतीस वर्षे मी दुसऱ्यांची पत्रे सांभाळून योग्य ठिकाणी पोचवली; आणि स्वतःच्या घरातली पत्रे किलोच्या भावाने विकली. रद्दीवाल्याकडे धावलो, पण माल सकाळीच पुढे गेला होता.

ही रडली नाही, ओरडली नाही. शांतपणे पिशवी भरली आणि भावाकडे कराडला निघाली. दारात उभी राहून एवढेच म्हणाली, "तुम्ही रिटायर झालात, पण गाडी बदललीच नाहीत. अजून जुन्याच डब्यात बसून आहात. आणि तो डबा यार्डात उभा आहे."

महिन्याभराने ती परत आली. त्या पत्रांविषयी ती पुन्हा एक अक्षर बोलली नाही आणि मीही बोललो नाही. जोडप्यांत असे मौन किती सहज राहते, हे संसार केलेल्यांना ठाऊक आहे.

त्या रिकाम्या घरात मला माझ्या भाच्याने पाहिले. तो कोल्हापुरास असतो, आणि कोल्हापुरात अलीकडे कुस्तीइतकेच वेड ट्रायथ्लॉनचे आहे. ट्रायथ्लॉन म्हणजे आधी पोहणे, मग सायकल, मग धावणे. मध्ये विश्रांती नाही. तो म्हणाला, "मामा, लहानपणी तुम्ही कृष्णा पार करत होतात म्हणे. चला, पाण्यात उतरा." कृष्णेत आता मगरी फार, म्हणून मी तलावात उतरलो. पुढे सायकल आली, पुढे धावण्याचे बूट आले. २०२३ च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या या प्रकरणाची अखेर २०२४ च्या ऑक्टोबरात, गोव्याला मिरामारच्या किनाऱ्यावर व्हायची होती. शर्यतीचे नाव 'आयर्नमॅन ७०.३'. हा आकडा मैलांचा आहे. १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे, यांची मैलांत केलेली ही बेरीज. आणि हे सारे साडेआठ तासांत!

या खेळाचा उगमही मोठा मौजेचा आहे. हवाई बेटांत पोहण्याची एक शर्यत होती, बेटाला सायकलने वळसा घालण्याची एक होती आणि एक मॅरॅथॉन होती. खरा चिवट कोण, पोहणारा की धावणारा की सायकलवाला, असा वाद निघाला; तेव्हा जॉन कॉलिन्स नावाच्या नौदलातल्या अधिकाऱ्याने सुचवले की तिन्ही एका दिवसात करून पाहू. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी ओआहू बेटावर पंधराजण निघाले आणि बाराजण पोचले. म्हणजे इथेही तीन मापांचे रूळ एका स्टेशनात आले. आता तीन मापांचे रूळ आले की गाडी बदलणे आलेच. या बदलाला इंग्रजीत ट्रान्झिशन म्हणतात. पाण्यातून सायकलकडे जाणे हे पहिले, म्हणजे 'टी वन'. सायकलवरून पायांवर येणे हे दुसरे, म्हणजे 'टी टू'. भाच्याने हा शब्द पहिल्यांदा उच्चारला तेव्हा मी म्हटले, "म्हणजे आपली संक्रांत!" त्या दिवसापासून आमच्या घरी पहिली संक्रांत आणि दुसरी संक्रांत हीच नावे रूढ झाली.

नवशिक्याला वाटते, पोहणे शिकायचे, सायकल शिकायची, धावणे शिकायचे. कपडे काय, कोणीही बदलतो. पण या खेळात घड्याळ थांबत नाही. पाण्यात पाऊल टाकल्यापासून शेवटच्या कमानीपर्यंत ते चालूच असते. मोजे शोधण्यात तीन मिनिटे गेली तर ती तुमच्याच हिशेबात. तीच तीन मिनिटे धावण्यात भरून काढायची तर दर किलोमीटरला साडेआठ सेकंद जोरात धावावे लागते. माझ्या वयात साडेआठ सेकंद म्हणजे चेष्टा नव्हे! मोजे मात्र कोणत्याही वयात लवकर चढवता येतात, जर ते आदल्या दिवशी नीट गुंडाळून, आत थोडी पावडर टाकून ठेवलेले असतील तर.

आमचा सराव अंगणात चाले. मी बादलीभर पाणी डोक्यावर ओतून घ्यायचा, गेटापासून ओल्या अंगाने धावत यायचे, खाली अंथरलेल्या टॉवेलवर पाय पुसायचे आणि सायकल घेऊन पुन्हा गेटाबाहेर पळायचे. भाचा घड्याळ लावी. ही ओट्यावर बसून शेंगा निवडी आणि अर्धी गल्ली कुंपणापाशी जमे. पहिल्या दिवशी मला चौदा मिनिटे लागली. भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही घाई करता. घाई नको, क्रम हवा."

तो क्रम मी इथे सांगून ठेवतो. कोणा वाचकाच्या उपयोगी पडला तर पडो. पोहण्याचे शेवटचे शंभरेक मीटर राहिले की पाय जरा जास्त मारावेत. इतका वेळ शरीर आडवे असते. एकदम उभे राहिले की रक्त पायांत उतरते आणि डोक्याला भोवळ येते. पाय चालते असले की हा धक्का कमी बसतो. बाहेर आले की चालतानाच डोळ्यांवरचा चष्मा आणि टोपी काढावी. सायकलपाशी पोचल्यावर पहिले काम हेल्मेटचे. पट्टा कडी लागेपर्यंत सायकलला हातसुद्धा लावायचा नाही. आणि परत आल्यावर सायकल जागेवर टांगेपर्यंत पट्टा सोडायचा नाही. हा नियम आहे, आणि मोडला तर दंड आहे. त्या आवारात सायकलवर बसायचेही नाही. हाताने ढकलत बाहेर न्यायची. बाहेर जमिनीवर एक रेघ असते. ती ओलांडली की मग टांग टाकायची. परत येताना तशीच दुसरी रेघ असते. तिच्या अलीकडे उतरायचे. ही रेघ मोठी कडक बाई आहे. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये जोनाथन ब्राउनलीसारख्या पट्टीच्या खेळाडूने रेघेआधीच टांग टाकली. त्याबद्दल त्याला धावताना पंधरा सेकंद एका जागी उभे राहावे लागले. त्याला कांस्यपदक मिळाले. सुवर्णपदक त्याच्याच थोरल्या भावाने नेले.

आदल्या दिवशी सायकल नेऊन टांगायची असते. तिथे शेकडो सायकली, सगळ्या सारख्याच दिसणाऱ्या. तेव्हा पाण्यापासून आपल्या जागेपर्यंत एकदा पायी चालून पाहावे आणि रांगा मोजाव्यात. खूण धरावी ती खांबाची किंवा झाडाची, शेजारच्या तांबड्या सायकलीची धरू नये. ती आपल्या आधी निघून गेलेली असते. सायकल हलक्या गिअरवर ठेवावी. उन्हात उभी राहणार असेल तर चाकातली हवा अंमळ कमी ठेवून सकाळी भरावी, नाहीतर ट्यूब फुटल्याचा आवाज रात्री स्वप्नात ऐकू येतो. सामानाच्या पिशव्याही आदल्या दिवशी द्यायच्या. निळी पिशवी सायकलच्या सामानाची, तांबडी धावण्याच्या सामानाची. त्यांवर आपला नंबर.

थैल्या, नंबर, आणि योग्य वेळी योग्य थैली! मला हसू आले. उभा जन्म ज्याने हेच केले त्याला हे काय शिकवता? हॉटेलच्या खोलीत मी पिशव्या भरायला बसलो तेव्हा ही म्हणाली, "मी यादी वाचते, तुम्ही एकेक टाका."

मी म्हटले, "अगं, मी अडतीस वर्षे थैल्या भरल्या आहेत."

"ठाऊक आहे," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहू लागली. त्या दोन शब्दांत काय होते ते मला त्या क्षणी कळायला हवे होते.

२७ ऑक्टोबर, रविवार. दिवाळी तोंडावर आलेली, पण किनाऱ्यावर थंडीचा मागमूस नव्हता. मला दूरचे दिसत नाही. माझा नंबर उणे चार. पोहण्यासाठी मी नंबरचा चष्मा करून घेतला होता. सायकलसाठी नेहमीचा चष्मा पिशवीत होता. आणि सकाळपुरता एक जुना चष्मा डोळ्यांवर होता, तो निघताना मी हिच्या हाती दिला. डाव्या घोट्याला वेळ मोजणारी पट्टी बांधली, देवाचे नाव घेतले आणि पाण्यात शिरलो.

समुद्राने मला सांभाळून घेतले. सत्तर मिनिटांची मुदत होती. मी अठ्ठावन्नाव्या मिनिटाला बाहेर आलो. छाती अभिमानाने भरून आली होती. रांग सापडली, निळी पिशवी सापडली. हेल्मेट निघाले, मोजे निघाले, बूट निघाले. चष्मा निघेना! पिशवी उलटी केली. खजूर पडले, मिठाच्या गोळ्या पडल्या, चष्मा नाही. आणि एकदम लख्ख आठवले. घरी चाळीस वर्षे माझा चष्मा आणि टोपी एकाच खुंटीला असतात. धावताना घालायची टोपी तांबड्या पिशवीत गेली आणि तिच्या सोबतीने चष्माही हात न विचारता तिकडेच गेला. जुनी सवय नवीन गाडीत येऊन बसली होती.

कुंपणापलीकडून हाक आली, "अहो!" ही उभी होती आणि तिच्या लांबवलेल्या हातात जुना चष्मा होता. चार पावलांचे अंतर. पण या खेळात बाहेरच्या माणसाची मदत घेता येत नाही. घेतली तर शर्यतीतून बाद होण्याची पाळी. मी मान हलवली. तिला नियम माहीत होता. तरी हात तसाच राहिला. मी पोहण्याचाच चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला, तांबड्या पिशव्यांच्या रांगेकडे धावलो, पिशवी सोडली, चष्मा काढला, पुन्हा बांधली, परत आलो. पाच मिनिटांत उरकायची पहिली संक्रांत अकरा मिनिटांना पडली. खऱ्या अर्थाने संक्रांत!

नव्वद किलोमीटर सायकल चालवताना माणसाला विचार करायला भरपूर वेळ असतो. श्वास जागेवर आला की थोडे थोडे खावे, पाणी प्यावे, ऊन वाढले की मिठाची गोळी घ्यावी, एवढेच काम. बाकी वेळ मला तो लांबवलेला हात दिसत होता. माझी वस्तू माझ्यापर्यंत पोचावी म्हणून ती धडपडत होती. आणि तिची वस्तू? तिच्या आईचे अक्षर मी कुठे पोचवले? एक वर्ष दहा महिने एक वाक्य माझ्या घशात अडकले होते. वाक्य काही फार अवघड नव्हते. पण जो माणूस रोज सकाळी अंगणात मोजे घालण्याचा सराव करत होता, त्याने ते वाक्य उच्चारण्याचा सराव एकदाही केला नव्हता.

शेवटचे दोन किलोमीटर गिअर हलका करून पाय भराभर फिरवले. तेही शिकवलेले. तासन् तास गोल फिरलेल्या पायांना एकाएकी धावायला सांगितले की ते ऐकत नाहीत. दुसऱ्याचे पाय उसने आणल्यासारखे वाटतात. म्हणून सरावातही सायकलनंतर लगेच थोडे धावायची सवय करावी लागते आणि पहिला किलोमीटर आखूड पावलांनी काढावा लागतो. रेघेअलीकडे उतरलो. सायकल टांगली, मग हेल्मेट सोडले. साडेपाच तासांची मुदत होती. पाच तासांना एक मिनिट कमी होते. तांबडी पिशवी घेऊन खुर्चीवर बसलो. समोर कुंपण आणि कुंपणाशी ही. हातात अजून तो जुना चष्मा.

मी एक बूट घातला. दुसरा हातात घेतला आणि तसाच थांबलो. आजूबाजूला माणसे धावत होती, ध्वनिक्षेपक ओरडत होता. मी म्हटले, "आईंची पत्रे मी न बघता रद्दीत घातली. फार मोठी चूक झाली माझी."

तिने माझ्याकडे पाहिले. क्षणभर तिचा चेहरा लग्नानंतर पहिल्यांदा माहेरचे पत्र आले होते तेव्हा झाला होता तसा झाला. मग पदराने डोळे पुसत ती म्हणाली, "ते नंतर बोलू. आधी बूट घाला!"

दुसरी संक्रांत सात मिनिटांची झाली. भाच्याच्या मते त्यातली दोन फुकट गेली. भाचा अजून अविवाहित आहे.

पुढचे एकवीस किलोमीटर मी कसे काढले ते सांगत बसत नाही. थोडे धावलो, पुष्कळ चाललो, दर थांब्यावर डोक्यावर पाणी ओतून घेतले. साडेआठ तासांची मुदत होती; आठ तास अठरा मिनिटांनी मी कमानीखाली पोचलो. गळ्यात पदक पडले. ही पुढे आली आणि तिने माझ्या डोळ्यांवरचा घामाने माखलेला चष्मा काढून तो जुना चष्मा चढवला. आता मदत घ्यायला हरकत नव्हती.

त्या रात्री पणजीत आम्ही बोललो. तिने मला माफ केले असे ती म्हणाली नाही आणि मी विचारलेही नाही. एवढेच म्हणाली, "सगळी नाही, पण बरीच पत्रे मला तोंडपाठ आहेत. आई एकच गोष्ट पुन्हा पुन्हा लिहायची."

त्या दिवाळीपासून रोज दुपारी आमचा एक कार्यक्रम असतो. ती आठवून सांगते आणि मी लिहून घेतो. आंब्याला मोहोर आला, गाय व्याली, धाकट्याला ताप होता पण आता उतरला, तू तब्येतीला जप. कधी ती दोन ओळी सांगून थांबते आणि बराच वेळ बोलत नाही. तेव्हा मीही लेखणी खाली ठेवून थांबतो. घाई करत नाही. आजवर अकरा पत्रे झाली आहेत. तो पत्र्याचा डबा खिळ्यांतून मोकळा करून, पुसून, मी तिला परत दिला आहे.

आज मिरज स्टेशनात सगळे रूळ एकाच मापाचे आहेत. गोव्याची गाडी येते, काही मिनिटे थांबते आणि तीच गाडी तशीच पुढे जाते. उतरणाऱ्यांची तारांबळ नाही, हमालांची धावपळ नाही, कोणाचा तांब्या राहत नाही. सोय झाली हे खरे. पण माणसाच्या वाटेवरचे रूळ अजून निरनिराळ्या मापांचेच आहेत. तिथे उतरावेच लागते. आणि उतरताना काय बरोबर घ्यायचे आणि काय मागे ठेवायचे, हे दुसऱ्या कोणी यादी वाचून सांगत असेल तर, वाचकहो, ऐकावे.